खोटं गिऱ्हाईक

त्याला घरचे-दारचे सगळे ‘गिऱ्हाईक’ म्हणायचे. नाव मेहुण्यानं ठेवलेलं, आणि मेहुण्यानं ठेवलेलं नाव जन्मभर पाठ सोडत नाही. पण नाव चपखल होतं, हे मान्य करायला हवं. या माणसाचा धंदाच मुळी गिऱ्हाईक होण्याचा होता. मोठ्या दुकानांचे मालक एका कंपनीला पैसे द्यायचे आणि ती कंपनी याला खोटं गिऱ्हाईक करून त्या दुकानांत धाडायची. विक्रेता हसतो का, बसायला खुर्ची देतो का, ‘आणखी काही दाखवू का’ असं तोंड भरून विचारतो का, ते यानं बघायचं आणि बाहेर येऊन कंपनीतल्या ताईंना फोनवर सांगायचं. विक्रेत्याला मात्र याचा वासही लागता कामा नये.

सोंगं तर अशी वठवायचा की बघत राहावं. गाद्यांच्या दुकानात तो कंबर धरलेला निवृत्त सैनिक व्हायचा. चष्म्याच्या दुकानात खेकसणारा म्हातारा काका, खेळण्यांच्या दुकानात लांबून आलेला हौशी मामा. नुसती टोपी बदलली की झालं, असलं कच्चं काम नव्हतं त्याचं. चाल बदलायची, खोकला बदलायचा, बोलताना दम लागायचा तोसुद्धा प्रत्येकाचा वेगळा. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. याला तेही यायचं, कारण पैसा कंपनीचा असायचा.

या धंद्याचा एक नियम होता. घेतलेली वस्तू दुसऱ्या दिवशी परत करायची. परत करायला आलेल्या माणसाशी दुकानवाले कसे वागतात, तेही तपासायचं असे. “बायकोला रंग आवडला नाही” हे त्याचं हुकमी कारण. सोफे, कोट, पंखे, बूट, नाना वस्तू त्यानं या एका वाक्यावर परत केल्या. बायकोला यातलं काही दिसतही नसे. पण गावभरच्या दुकानदारांना वाटत असणार, कुठल्याशा घरात एक भयंकर चिकित्सक बाई राहते.

हा माणूस असा झाला कसा, असं कुणी विचारलं तर त्याच्या आईकडे बोट दाखवावं लागेल, आणि तिचाही फार दोष नाही. पाच भावंडांतलं हे शेंडेफळ. शेंडेफळाचे लाड होतात म्हणे, पण ओढगस्तीच्या घरात शेंडेफळाच्या वाट्याला थोरल्यांचे उतरलेले कपडे येतात. बाकीची भावंडं हट्ट करायची, पाय आपटायची. हा गप्प. मग आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “हे माझं बाळ गुणाचं हो, याला काहीही चालतं.” आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. पोरानं बरोबर हेरलं, की काही मागितलं नाही की हात फिरतो. एकदाच त्यानं दुसऱ्याच्या वाढदिवसाला पाहिलेला लाल चेंडू मागितला, तेव्हा आईचा चेहरा असा उतरला की त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. हळूहळू मागावंसं वाटणंच बंद झालं. ते नक्की कधी बंद झालं, हे त्याला आठवत नव्हतं.

पुढे चपलांच्या दुकानात नोकरी लागली. तिथं त्याचं हसू इतकं साचेबंद आणि टिकाऊ होतं, की कंपनीच्या ताईंनी त्याला तिथूनच उचललं. “तुमचा चेहरा फार कामाचा आहे,” त्या म्हणाल्या, “कुणाचाही वाटतो.” त्याला ते कौतुक वाटलं. घरी येऊन त्यानं ते बायकोला आनंदानं सांगितलं.

बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला होती. स्पष्ट बोलणारी, भरभर चालणारी, हसली की डोळ्यांत पाणी येणारी. मूलबाळ नव्हतं. संसार बरा चालला होता, म्हणजे भांडण नव्हतं. भांडायला दोन माणसं लागतात.

मग लग्नाचा वाढदिवस आला. त्या दिवशी त्यानं बायकोसाठी स्वेटर आणला. स्वतःच्या पैशानं, स्वतः निवडून. राखाडी रंगाचा, गळ्याशी निळी वीण असलेला. बायको इतकी हरखली की तो अंगात घालून घरभर फिरली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेलेली असताना यानं तो स्वेटर नीट घडी घालून पिशवीत भरला, दुकानात नेला आणि परत केला. “बायकोला रंग आवडला नाही,” असं सांगितलंसुद्धा. समोरचा विक्रेता नम्र होता, हेही त्यानं मनात टिपून ठेवलं. जित्याची खोड! परतीच्या बसमध्येही काही चुकल्यासारखं त्याला वाटलं नाही. संध्याकाळी बायको उघड्या कपाटासमोर उभी राहिली, तेव्हा कुठे त्याला उमगलं.

“अहो, माझा स्वेटर?”

“परत केला.”

“कुणाला परत केला?”

“दुकानाला.”

“का पण?”

“तुला रंग आवडला नाही ना, म्हणून,” तो म्हणाला. आपण काय बोललो ते ऐकून त्याच्याच अंगावर काटा आला.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, एखादं पत्ता चुकून आलेलं माणूस दारात उभं असावं तशी.

“मला बढती देतायत,” शेवटी ती म्हणाली. “दुसऱ्या शहरात. मी नाही म्हणणार होते, तुमच्यासाठी. आता हो म्हणणार आहे. पुढच्या शनिवारी निघेन. तुम्हाला यायचंय माझ्याबरोबर?”

“तू म्हणशील तसं.”

“नाही. ते आता बंद. इतकी वर्षं मी म्हणते तसंच चाललंय. पडदे माझ्या पसंतीचे, भाजी माझ्या पसंतीची, रुसायचं मी आणि समजूतही माझी मीच काढायची. या घरात मी एकटी राहते हो, आणि एक गिऱ्हाईक येऊन-जाऊन असतं. यायचं असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा. पण तुमचं तुम्ही सांगा. उसनं आणलेलं मला कळतं.”

प्रश्न एवढा सोपा होता. हो की नाही. बाजारात भाजीवाली याहून अवघड प्रश्न विचारते. पण त्यानं मनाला विचारून पाहिलं आणि मनातून काही वर आलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो दोन दिवस कामावर जात राहिला आणि वाट बघत राहिला, की आता आतून कुणी सांगेल, मग सांगेल.

सोमवारी दुपारी तो एका कपड्यांच्या दुकानात कामावर होता. कोट घालून बघायच्या खोलीत तीन बाजूंनी आरसे होते आणि डोक्यावर पांढराफटक दिवा. त्यानं दार लावलं आणि हळूच म्हणून पाहिलं, “मला यायचंय.” आवाज निवृत्त सैनिकाचा निघाला, भरदार, गहिवरलेला. छान होता. पण त्याचा नव्हता. “मला नाही यायचं,” त्यानं म्हटलं, तर म्हातारा काका खेकसला. “यायचंय गं, का नाही येणार?” हे हौशी मामा बोलला. दोन आरशांत आळीपाळीनं एकेकाचं तोंड हलत होतं. तो घाबरून थांबला, तरी काका काही वेळ पुटपुटत होताच. तिसऱ्या आरशातला मात्र तोंड मिटून नुसता याच्याकडे बघत होता.

दारावर टकटक झाली. “साहेब, माफ करा,” बाहेरून विक्रेता म्हणाला, “आत किती जण आहात? एका वेळी एकालाच परवानगी आहे.”

‘मी एकटाच आहे’ असं पटकन म्हणायला हवं होतं. त्याला म्हणता येईना. त्यानं कोट तिथेच टाकला आणि कुणाकडे न बघता तो बाहेर पडला.

रस्त्यावर आला तोच ताईंचा फोन. दुसऱ्या दिवशीचं काम. या वेळी दुकान नव्हतं. मनाच्या आजारावर सल्ला देणारं एक केंद्र होतं, अशा पुष्कळ केंद्रांच्या साखळीतलं. “तुम्ही झोप न येणारे शाळामास्तर,” ताई म्हणाल्या. “सल्लागार हसून स्वागत करतात का बघा. ‘आनंदी मन’ नावाची बारा भेटींची योजना सुचवतात का बघा. तिथल्या एक म्हाताऱ्या बाई काही ऐकत नाहीत म्हणे.”

मंगळवारी मास्तर तिथं पोचले. बाई खरंच म्हाताऱ्या होत्या, आणि हसल्या नाहीत. त्यांच्या खोलीत टेबल नव्हतं. त्यांनी ते स्वतः ओढून बाहेर काढलं असावं, जमिनीवर पायांचे ओरखडे होते. दोन सारख्या खुर्च्या, अगदी समोरासमोर.

“जुन्या पद्धतीत माणूस कोचावर आडवा पडायचा आणि डॉक्टर मागे बसायचे, न दिसता,” त्या म्हणाल्या. “मला ते जमत नाही. मला तुम्ही दिसायला हवेत आणि तुम्हाला मी. बोला.”

मास्तरांनी निद्रानाशाची कहाणी सुरू केली. वर्ग, खडूची धूळ, पोरांचा गलका, रात्री छताकडे बघणं. कहाणी रंगत गेली. बाई हूं की चूं न करता ऐकत होत्या. आणि मधेच, कसं कोण जाणे, मास्तरांनी बायकोला आणलेला स्वेटर परत केला. ताईंनी सांगितलेल्यात स्वेटर नव्हता. त्यानं स्वतःला सावरायचा प्रयत्न केला, पण तोंडातून गोष्ट पुढे जातच राहिली, थेट ‘हो की नाही’पर्यंत.

“झोपेचं तुम्ही फार सुरेख सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “स्वेटरचं वाईट सांगितलंत, अडखळत. मास्तर आता घरी गेले तरी चालेल. ज्यानं स्वेटर परत केला त्याच्याशी मला बोलायचंय.”

त्याला कुणीतरी घसा खाकरल्यासारखं ऐकू आलं. बाईंनी खाकरलं नव्हतं, आणि त्यानंही नाही.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखे माझ्याकडे रोज येतात. आपण सगळे बाजारात उभे आहोत. हसू विकायचं, उत्साह विकायचा, ‘मी कसाही चालेन’ हे विकायचं. खप चांगला झाला की माणसाला वाटतं आपलं बरं चाललंय. वेडा झालेला कळतो तरी. हा दुसरा आजार असा, की ज्याला होतो त्याला शाबासकी मिळते. सगळ्यांनाच झाला की त्याला आजार म्हणायचंही कुणाच्या मनात येत नाही.”

“मग तुम्ही औषध काय देता?”

“इथं माझ्याकडून अपेक्षा आहे, की जिथं बोचतं तिथं तुम्हाला घासूनपुसून पुन्हा साच्यात बसतं करावं. ते मी करत नाही. बोचतंय हीच तुमच्यातली शाबूत राहिलेली जागा असेल तर? माणसाला मोकळीक हवी असते म्हणतात, पण ‘तुझं तू ठरव’ म्हटलं की भल्याभल्यांची गाळण उडते. मग तो कुणाच्या तरी मागे उभा राहतो. बायकोच्या, साहेबाच्या, नाही तर सोंगाच्या. आत कुणी नाही असं नसतं. आत जो आहे त्याला कुणी कधी काही विचारलेलंच नसतं, एवढंच. गुरुवारी या. बरोबर कुणाला आणू नका.”

तो बाहेर आला तेव्हा बसच्या थांब्याकडे न वळता उलट्या दिशेला चालत सुटला. का, ते त्याला कळेना, पण ते चालणं त्याला आवडलं. कोपऱ्यावर उभं राहून त्यानं सवयीप्रमाणे ताईंना फोन लावला आणि सांगायला लागला. स्वागत नाही. हसू नाही. योजना सुचवली नाही. टेबल जागेवर नाही. ग्राहक अस्वस्थ होईल असं बोलणं. एकूण सेवा असमाधानकारक. एकही मुद्दा सुटला नाही, आणि सगळं खरं होतं. “वा,” ताई म्हणाल्या, “तुमच्यासारखं कुणी सांगत नाही.” फोन खिशात टाकून तो दोन दुकानं ओलांडून गेला आणि मग तिथंच थिजला.

त्यानं पुन्हा फोन केला. “ताई, ते तसं नव्हतं. त्या बाई चांगल्या आहेत.”

“हे कोण बोलतंय?” ताईंनी विचारलं. “आवाज ओळखीचा नाही वाटत.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

गुरुवारी तो गेला. खोलीत टेबल परत आलं होतं. त्यामागे एक तरुण मुलगी बसली होती, नीटनेटकी, हसरी. “या, आपल्याला पुन्हा भेटून फार आनंद झाला,” ती म्हणाली. त्या दोघांची भेट कधीच झाली नव्हती.

“आधीच्या बाई?”

“त्यांना विश्रांती दिली आहे. तक्रारी होत्याच, परवाची तर फारच वाईट आली. आपल्याला पाणी देऊ? आमची ‘आनंदी मन’ योजना आपण ऐकली आहे का?”

तिचं काही म्हणजे काही चुकत नव्हतं. पाणी, रुमाल, योजना, सगळं जागच्या जागी. ती हसत होती, आणि पेला ठेवायला वळली तरी ते हसू भिंतीकडे बघतही तसंच राहिलं होतं. कित्येक वर्षं तो अशा चेहऱ्यांना पैकीच्या पैकी देत आला होता. आज त्याला पहिल्यांदा अशा चेहऱ्याची भीती वाटली.

“तुला बरं वाटतंय ना, बाळ?” त्यानं विचारलं.

हसू हललं नाही. डोळे तेवढे त्याच्यावर येऊन थांबले. ती टेबलावरून पुढे झुकली आणि ओठ न हलवता कुजबुजली, “तुम्ही ते आहात का? तपासायला येतात ते? सांगा ना. मला रात्री झोप येत नाही हो. घरी आई हाक मारते तरी मी असंच हसते. बंदच होत नाही.”

एवढ्या वर्षांत त्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. गावभरच्या सगळ्या हसण्यांमागे ज्याची धास्ती होती, तो हा स्वतःच होता. ‘नाही पोरी, मी कुठला?’ हे वाक्य निवृत्त सैनिकाच्या आवाजात तयार होतं, तिला ते ऐकून हायसंही वाटलं असतं. त्यानं ते गिळलं.

“होतो,” तो म्हणाला. “आज नाही. आज मी माझ्यासाठी आलो होतो.”

तिचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? ती सावरून बसली आणि म्हणाली, “आपल्याला आणखी काही दाखवू का?” मग आपण भलतंच बोललो हे लक्षात येऊन तिनं तोंडावर हात ठेवला. हाताच्या दोन्ही बाजूंनी हसू दिसत होतं.

शनिवार उजाडला. बायकोच्या दोन बॅगा दाराशी तयार होत्या. गाडी खाली येऊन थांबली होती. बायको चपला घालून त्याच्यासमोर उभी राहिली.

“बोला,” ती म्हणाली.

आयतं वाक्य जिभेवर होतं. ‘तुझ्याशिवाय मी कसा राहीन?’ कुठं थांबायचं, कुठं आवाज कातर करायचा, सगळं पाठ होतं. बायकोनं ते मानलंही असतं, तिला मानायचंच होतं. हे तिच्या डोळ्यांत त्याला स्वच्छ दिसत होतं आणि म्हणूनच ते वाक्य बोलणं इतकं सोपं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि सैनिकाला अडवलं. मग मामाला अडवलं. मग काकाला. एकेकजण ओठांपर्यंत येऊन मागे जात होता आणि त्याच्या कपाळावर घाम फुटत होता. बायकोला एवढंच दिसत होतं, की तो काहीतरी गिळतोय आणि पुन्हा गिळतोय.

मग जो आवाज निघाला तो किरटा होता, घोगरा, गंजक्या कडीसारखा. लहान मुलाचा म्हणावा तर म्हाताऱ्याचा वाटेल असा.

“मला माहीत नाही,” तो आवाज म्हणाला. “तू हवीस की घरात कुणीतरी हवं, तेच मला माहीत नाही. मी तुला कधी विचारलं नाही. मला कुणी विचारलं नाही. मला भीती वाटते.”

बायको एक पाऊल मागे सरली आणि तिची पाठ दारावर आदळली. इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचा हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. “अगं बाई,” ती पुटपुटली, “कोण आहे हे?”

“मी,” तो म्हणाला. त्याला स्वतःलाही खात्री नव्हती.

खाली गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. बायकोनं हात पुढे केला, मागे घेतला, मग पुन्हा पुढे करून त्याच्या गालाला बोटांनी जेमतेम शिवली, तापलेलं भांडं चाचपावं तशी.

“तुम्ही आत्ता येऊ नका,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मघाशी तुम्ही हो म्हणाला असतात, तर नेलं असतं मी तुम्हाला, आणि दोघं मेल्यासारखी जगलो असतो. आता मात्र मला वाटतंय, यावं तुम्ही. पण आत्ता नको. मला भीती वाटतेय तुमची.”

ती बॅगा घेऊन जिना उतरली. तो मदतीला धावला नाही, निरोपाचं काही बोललाही नाही. गाडी गेल्यावर तो दारातच खाली बसला आणि रडायला लागला, आणि ते त्याला नीट जमेना. आवाज भलत्याच ठिकाणी फुटत होता, नाक वाहत होतं, श्वास अडकत होता. शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. तो कोण आहे ते त्यांना चटकन ओळखू आलं नाही.